जैनुद्दीनचाचांची गाडी एवढं का पीत होती

आधी खड्ड्याचे आभार

चांदूर बाजारच्या रस्त्यावरून आमच्या कुरळखेडकडे वळलं की पहिल्याच वळणाला एक खड्डा होता. पावसाळ्यात त्यात म्हशी बसायच्या आणि उन्हाळ्यात गाड्या. जैनुद्दीनचाचांच्या पिकपचं पोट त्यात इतक्यांदा घासलं की शेवटी त्यांनी अमरावतीला फरदीनच्या दुकानात मागची दोन्ही चाकं एक नंबर मोठी घालून घेतली. तेव्हापासून ती गाडी पाणी प्यायला वाकलेल्या बकरीसारखी दिसायची, मागून उंच आणि पुढून खाली. पण ती गावात यायला लागली. बाकीचे गाडीवाले फाट्यावरूनच हात दाखवून निघून जायचे.

मी हर्षा. माहेर मोर्शीचं, संत्र्यातलं. सासर कुरळखेडचं, कापसातलं. ही २००६ सालची गोष्ट. कापसाने सगळ्या वऱ्हाडाला तोंडघशी पाडलं होतं आणि टीव्हीवाले गावोगाव फिरून कोणाच्या घरी काय घडलं ते विचारत होते. आमच्या घरी सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. बैलजोडी विकली होती, नवरा रोहित बुटीबोरीच्या कंपनीत गेला होता, आणि मी व माझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, आम्ही दोघींनी कापसाच्या जागी झेंडू लावला होता. टीव्हीवाल्या मुलाने फुलांकडे पाहिलं आणि कॅमेरा बंद केला.

आमचं पाहून आणखी काही घरांनी झेंडू लावला. कापूस घरात पडून राहू शकतो. फुलाचं तसं नाही. पहाटे तोडलेलं फूल ऊन चढायच्या आत अमरावतीच्या बाजारात पोचलं पाहिजे, नाहीतर ते बकऱ्यांचं. म्हणजे सगळ्या गावाची फुलं एका पिकपवर उभी होती. चाचा याच गावचे, पण त्यांच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून ती आमच्या आंगणात उभी राहायची, जिथे आधी बैलांचा गोठा होता.

खड्ड्या, तुझ्यामुळे मोठी चाकं आली, चाकांमुळे गाडी आली, गाडीमुळे फुलं गेली. तुझे उपकार आहेत. तुझ्यामुळे पुढे जो गोंधळ झाला तोही तुझ्याच खात्यावर.

मग इंजिनाचे, ज्याचा काही दोष नव्हता

गाडी डिझेल पीत होती. चाचा तसंच म्हणायचे. गाडी खाते म्हणत नसत, जाळते म्हणत नसत. पिते.

पोळ्याच्या आसपास ते फारच व्हायला लागलं. अमरावतीला जाऊन आलं की टाकी तळाला. चाचा मीटरचे किलोमीटर मनात धरायचे आणि डिझेलने भागायचे. कोणी म्हणालं पंप गेला, कोणी म्हणालं रिंगा गेल्या, कोणी म्हणालं डिझेलमध्येच रॉकेल आहे. मेकॅनिकने इंजिन उघडलं, पुसलं, पुन्हा बंद केलं आणि इंजिनात काही नाही असं सांगितलं. चाचांना ते पटलं नाही. ज्या इंजिनात काही नाही तेच सगळ्यात वाईट, असं त्यांचं मत पडलं.

त्यांची बायको, आयशाचाची, आमच्या ओट्यावर बसून तोंड चालवायची. "माह्यासाठी घरात कधी एवढं तेल नाई आनलं या मानसानं, जेवढं इले पाजलं."

चाचा हसले नाहीत. त्यावरून मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मग एक दिवस त्यांनी सांगूनच टाकलं. अकोल्याला खुशालराव म्हणून एकजण जुन्या गाड्या घेऊन विकतात. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची रांग असते. त्यांना ही पिकप घटस्थापनेच्या आत हवी होती. चाचा मुलाकडे नागपूरला जाणार होते, तिथे दुसऱ्याची गाडी चालवायला.

आमच्या वावरात दसऱ्याचा झेंडू कळीला आला होता.

काय बोलणार? माणूस आपल्या घरचं तेल जाळून आपली फुलं नेतोय, त्याला आणखी जाळा म्हणून कसं सांगायचं?

आत्याबाईंचे इथे नाही

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचे आभार इथे मानले तर गोष्ट इथेच संपेल. इथे फक्त एवढं सांगते की त्या गाडीला 'तो' म्हणायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखलेला असतो, त्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानाने शेकायचं आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. त्या वर्षी आमच्याकडे बैल नव्हते. आत्याबाई वाटीत तूप-हळद घेऊन आंगणात गेल्या, पिकपच्या चारही चाकांवरच्या पत्र्याला ती लावली आणि आरशाशी वाकून आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. चाचांनी ती उचलून खाल्ली. गाडीने खाल्ली असं धरायचं ठरलं. आम्ही सगळे हसलो. आत्याबाई हसल्या नव्हत्या.

खुशालरावांचे, थोडेसेच

गाडी दोन दिवस अमरावतीला मेकॅनिककडेच होती. तिथून ती अकोल्याला दाखवायला न्यायची होती. मीही निघाले, कारण अकोल्याच्या फुलांच्या अडत्यांना विचारायचं होतं की तुमची गाडी आमच्या गावात पाठवाल का. आयशाचाची बहिणीकडे जायचं म्हणून निघाल्या. निघायच्या आधी फरदीनने चारही चाकांत हवा भरली आणि टायर काळे करायचं पाणी लावून पुसले. गिऱ्हाइकापुढे चाक बसलेलं दिसू नये, म्हणून त्याने नेहमीसारखी अंदाजाने नाही, हवेचं मीटर लावून पूर्ण भरली.

खुशालराव कामासाठी अमरावतीत आलेच होते, ते गाडीतच बसले. उंच, पांढरा सदरा, तोंडात सुपारी. त्यांनी बडनेऱ्याच्या पंपावर स्वतः उभं राहून टाकी तोंडापर्यंत भरायला लावली आणि म्हणाले की अकोल्यात पुन्हा तोंडापर्यंत भरू, जेवढं बसेल तेवढं ती प्यायली. चाचांनी मान खाली घातली. पोराच्या परीक्षेला बाप जातो तसे ते स्टिअरिंगला बसले.

चाची आणि मी मागे, रिकाम्या पोत्यांवर. केबिनची मागची काच फुटलेली होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. खुशालराव मीटरकडे पाहत नव्हते. ते रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड पाहत होते. जुन्या गाड्या विकणारा माणूस मीटरवर भरवसा ठेवत नाही, कारण मीटरचं काय करता येतं ते त्याला ठाऊक असतं.

मुर्तिजापूर गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, "जैनुद्दीनभाई, तुमचं मीटर मांगं कावून हाये?"

चाचा म्हणाले की मीटरला कोणी हात लावलेला नाही, खुदाची शपथ.

"हात लावनारा पुढं नेईन का मांगं? मांगं नेते ना? मांगंच हाये."

चाची मला कोपर मारून म्हणाल्या, "पाह्य, आता चोर बी ठरलो."

अकोल्यात पंपावर टाकी भरली. पाइप टाकीत गेला आणि लगेच बंद पडला, म्हणून पोऱ्याने पुन्हा घातला. थोडंसंच बसलं. खुशालरावांनी सुपारी थुंकली आणि ते चाचांकडे वळले.

"विकाची नसन तं सांगा ना सरळ. गाडी पिते म्हनून सांगता, अन् ही तं नव्या गाडीवानी अ‍ॅव्हरेज देऊन राह्यली."

त्यांनी गाडी तिथल्या तिथे घ्यायची तयारी दाखवली. चाचांनी घटस्थापनेपर्यंतचा वेळ मागितला. चाचांचा चेहरा तेव्हा असा होता, जसा डॉक्टरने आजारी माणसाला तू ठणठणीत आहेस म्हटल्यावर होतो. आनंद नाही, घाबरल्यासारखा.

अडत्यांनी मला नाही म्हणून सांगितलं. त्या खड्ड्याच्या गावात कोण गाडी पाठवणार.

म्हणजे खुशालरावांचे आभार एवढ्याचसाठी की त्यांनी दगड मोजले.

फरदीनचे, राग वजा करून

परत येताना आम्ही फरदीनच्या दुकानात थांबलो. तिशीतला माणूस, बोलायला लागला की हातातला पाना फिरवत राहतो. चाचांनी मीटर मागे पडल्याचं सांगितलं. फरदीनने मोठ्या चाकाकडे पाहिलं, पान्याने डोकं खाजवलं आणि तोंडात बोट घालायचंच बाकी ठेवलं.

त्याचं म्हणणं असं होतं. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतं. कंपनीने ते जुन्या, लहान चाकाच्या मापाने बसवलेलं. मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता काटतं, पण मीटर तेवढाच धरतं जेवढा लहान चाक काटायचं. म्हणजे गाडी चालली जास्त, मीटरने सांगितलं कमी. त्या कमी किलोमीटरला डिझेलने भागलं की गाडी प्यायली असं दिसतं.

"म्हंजे ती पीतच नव्हती?" चाचांनी विचारलं.

"थोडी पीत होती. मोठं चाक उचलाले जोर लागतेच. पन तुमी म्हनता तेवढी नाई."

"अन् हे तुले चाकं घालताना माहीत होतं?"

फरदीन म्हणाला की माहीत होतं, पण तेव्हा तुम्ही खड्ड्याबद्दल विचारलं होतं, मीटरबद्दल नाही. चाचांनी त्याला शिवी दिली, प्रेमाची नव्हे. मग तो पुढची चाकं पाहायला वाकला आणि म्हणाला की टायर दोन्ही कडांना झिजलाय आणि मधोमध नवाच आहे, हे ओझ्याने होतं, फुलं कमी भरत जा. इथे तो साफ चुकला. पण ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

आंगणाचे

गाडी घरी आली. आमच्या आंगणात उभी राहिली. चाचांनी आता मीटर सोडलं आणि दगड मोजायला सुरुवात केली. दगडांच्या हिशेबाने पाहिलं तरी गाडी पुन्हा पीत होती. तेवढी नाही, पण अकोल्याला गेलेल्या गाडीसारखी तर मुळीच नाही.

याचा अर्थ एकच निघत होता. जी गाडी अमरावतीत मेकॅनिककडे दोन दिवस उभी राहिली ती प्यायली नाही. जी आमच्या आंगणात उभी राहिली ती प्यायली. म्हणजे आंगणात कोणीतरी टाकीत नळी घालून डिझेल काढत होतं.

चाचांनी हे तोंडाने कधीच म्हटलं नाही. त्या दिवशी ते आले, गाडी लावली आणि चहा न घेता गेले. एवढ्या वर्षांत ते चहा न घेता गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारातून आल्यावर त्यांनी खिशातून एक नवीन कुलूप काढलं आणि डिझेलच्या टाकीच्या झाकणाला लावलं.

आत्याबाई तुळशीपाशी धान्य पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"जैनुद्दीन, हे कुलूप कोनासाठी?"

चाचा म्हणाले, "गावात पोट्टे लय झाले, माय."

"या आंगनात पोट्टे कुठी हायेत? या आंगनात मी हावो अन् ही हर्षा हाये."

चावी त्यांच्या हातात होती आणि तिचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. मी विचार करत होते की आता गाडी तर जाईलच, पण ही माणसं पण जातील, आणि पुढच्या वर्षी आम्ही गल्लीत एकमेकांसमोरून मान वळवून जाऊ.

आत्याबाई चिडल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की त्या फार सविस्तर बोलतात. त्या सांगायला लागल्या की गाडी एक क्षण एकटी नसते. संध्याकाळी दिवा लावला की त्या स्वतः गाडीजवळ जाऊन बसतात. कुत्रं येऊ देत नाहीत. लेकरं चाकावर चढतात त्यांना हाकलतात.

"रोज त्याच्यापाशी बसतो. त्याचं जू उतरवतो, मंगच घरात येतो मी. अन् तू मले कुलूप दाखवतं?"

चाचांनी मान वर केली. "कायचं जू, माय?"

आत्याबाई उठल्या. वळचणीला खोचलेली तुराटीची, म्हणजे तुरीच्या काडीची, बारीक फाक काढली, मागच्या डाव्या चाकापाशी बसल्या, हवा भरायच्या नोझलचं टोपण फिरवून काढलं आणि काडी आत दाबली.

फुस्स.

हळूच, मोजून, जसं तान्ह्या लेकराला थोपटतात. मग टोपण लावलं आणि पुढच्या चाकाकडे सरकल्या.

"दिवसभर टम्म फुगून राह्यते बिचारा. बैलाचं जू आपन संध्याकाळी उतरवतो का नाई? मंग याचं कोन उतरवन?"

हवेचे (ज्यांना चाकातलं कळतं त्यांनी हे सोडून पुढे जावं)

कमी हवेची सायकल ज्याने चालवली आहे त्याला हे सांगायला नको. चाक मऊ असलं की जमिनीला टेकलेला भाग दबतो. फिरताना तो सुटतो आणि पुढचा भाग दबतो. म्हणजे चाक सतत वाकत आणि सरळ होत राहतं. हे वाकवायला जोर लागतो. तो जोर इंजिन देतं, इंजिन तो डिझेलमधून घेतं, आणि शेवटी त्याची नुसती गर्मी होते, जी टायरातच राहते. ओल्या काळ्या मातीतून चालताना पाय रुतत जातो आणि माणूस थकतो, तसं. टायर कडांना झिजतो, मधोमध नवा राहतो. ओझ्याने नाही, हवा कमी असल्याने.

चाचा रोज निघताना चाकाला लाथ मारून पाहायचे. लाथेला थोडीशी कमी हवा कळत नाही. दर दोन-चार दिवसांनी हवा भरावी लागायची, म्हणून नोझल गळतंय असं वाटून त्यांनी नोझल बदलली होती, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिल्या होत्या. बुडबुडा कुठेच नव्हता, कारण भोक कुठेच नव्हतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा असा चढतो की चाक फुटेल या भीतीने गाडीवाले हवा कमी करतात. सगळेच करतात. चाचाही करायचे. आणि तेही चूकच, कारण मऊ चाक उन्हात जास्त तापतं. हे फरदीनने आम्हाला नंतर सांगितलं, पाना फिरवत, जणू त्याला हे जन्मापासून ठाऊक होतं.

आता आत्याबाईंचे

चाचा गाडीच्या टाकीपाशी गेले, कुलूप उघडलं, काढलं आणि खिशात घातलं. आणि आत्याबाईंच्या शेजारी, चाकाला पाठ लावून, मातीत बसले.

"माय, माही जिंदगी गेली गाडी चालवून. मी थकलो का, हे बी कोनी इचारलं नाई कधी. गाडीचं तं सोडूनच द्या."

त्यांनी डोळे पुसले, पण आम्हाला दिसू नये म्हणून घाम पुसल्यासारखं कपाळही पुसलं.

मग मी आत्याबाईंना समजावून सांगितलं. हवा, चाक, डिझेल, कुलूप. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. काडी त्यांच्या हातातून पडली.

"म्हंजे मीच पाजत होतो त्याले?"

"तुमी नाई," चाचा म्हणाले. "वैशाखात तुमच्यासमोर हवा कोन सोडत होतं? 'गर्मीचा आराम देतो याले,' असं कोन म्हने?"

"तू."

"मंग झालं. म्या उन्हाळ्याचा आराम देल्ला, तुमी बारा महिन्याचा. हिशेब माह्यावर."

त्यांनी तिथेच बसून खुशालरावांना मोबाइल लावला आणि सांगितलं की गाडी द्यायची नाही. पलीकडून बरंच काही बोलणं आलं. चाचा ते ऐकत राहिले आणि मध्येमध्ये जी, जी म्हणत राहिले. फोन बंद केल्यावर म्हणाले की दसऱ्याची फुलं ठरलेल्या दिवशीच तोडा.

मला वाटलं, संपलं. मी चहा ठेवायला निघाले. पण आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मंग याले आराम कायनं भेटन?"

चाचा म्हणाले की गाडीला आराम लागत नाही, ती लोखंडाची आहे. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ते वाक्य परत घेतलं. मग त्यांनी विचार केला. उठले, मागचा फाळका उघडला आणि माल भरायच्या डाल्यात चढले.

आतून वस्तू निघायला लागल्या. भिजून जड झालेली ताडपत्री. गंजलेली साखळी. चाकाला अडण लावायचे दगड, एक सोडून भरपूर. मोडका जॅक. कोणाच्या तरी घरच्या स्लॅबचं उरलेलं, दगड झालेलं सिमेंटचं पोतं. एक लोखंडी पहार, जी गावातल्या सहदेवभाऊंची आहे आणि ते ती गेल्या वर्षीपासून शोधत होते. हे सगळं ती गाडी रोज अमरावतीला नेत होती आणि रोज परत आणत होती.

आयशाचाची आवाजाने गल्लीतून आल्या आणि सिमेंटचं पोतं पाहून म्हणाल्या की या माणसाने मलाही असंच कुठेतरी भरून ठेवलं असतं, बरं झालं मी चालती आहे.

सगळं उतरलं तेव्हा गाडी पाट्यांवर, म्हणजे खालच्या स्प्रिंगांवर, जराशी वर आली. अगदी थोडी, बोटभर. मला ते दिसलं नसतं. आत्याबाईंना दिसलं. त्या चाकापाशी बसल्या होत्या आणि त्यांची नजर पत्र्यावर होती. त्यांनी मागच्या फाळक्यावर हात ठेवला.

"हां. आत्ता उतरलं जू," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

तेव्हापासून आमच्याकडे हा नेम पडला. गाडी आली की आधी पूर्ण रिकामी करायची, मग चहा. आणि पहाटे, चाकं थंड असताना, चाचा मीटर लावून हवा पाहतात. थंड चाकातच खरी हवा कळते. आत्याबाई शेजारी उभ्या राहतात आणि सुई कुठे आली ते वाकून पाहतात. त्यांना आकडे येत नाहीत, पण सुई कुठे यायला हवी ते त्यांना पाठ आहे, आणि कमी दिसली की त्या चाचांना असं बोलतात की चाचा फरदीनला बोलतात.

राहिलेले

आभार कोणाचे राहिले? दसऱ्याच्या आधी खुशालरावांचा पुन्हा फोन आला. चाचा वावरात पोती उचलत होते, म्हणून त्यांनी तो आत्याबाईंच्या हातात दिला. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की तो विकाऊ नाही, फुलं पाहिजे असतील तर बोला. मला वाटलं, फोन आपटला जाईल. पण खुशालरावांच्या आवारात त्या दिवशी रांगेने गाड्या उभ्या राहणार होत्या आणि दसऱ्याला प्रत्येक गाडीला हार लागतोच. त्यांनी झेंडू मागितला. शेजारच्या गॅरेजवाल्यांसाठीही मागितला.

तर खुशालरावांचे आभार मी आधी थोडे मानले होते, ते आता पूर्ण मानते.

दसऱ्याच्या पहाटे गाडी फुलांनी भरून अकोल्याला निघाली. आत्याबाई पहिल्यांदाच अकोल्याला निघाल्या, पुढे बसून, मांडीवर पिशवी घेऊन. चाची आणि मी मागे, झेंडूच्या पोत्यांत. चाचांचा रोजा होता, म्हणून चाचींनी वाटेत चहाचं नाव काढलं नाही आणि आम्हीही नाही.

खुशालरावांच्या आवारात आम्ही बायकांनी ओट्यावर बसून हार ओवले. ऊन चढेपर्यंत प्रत्येक गाडीवर हार चढला. उरलेल्या फुलांचा एक मोठा हार आत्याबाईंनी स्वतः ओवला आणि आमच्या पिकपला घातला. ती रांगेच्या शेवटी उभी होती. पातूरकडून आलेल्या एका गिऱ्हाइकाने सगळ्या गाड्या पाहिल्या आणि आमच्याच गाडीपाशी थांबून किंमत विचारली. खुशालराव म्हणाले, "थे पाव्हनी हाये," आणि त्याला दुसऱ्या गाडीकडे नेलं. जाताना त्यांनी चाचांकडे असं पाहिलं की हे गाडी विकतात की काय, अशी आत्याबाईंना शंका आली. त्या उठून गाडीजवळ जाऊन बसल्या.

परतीला पोती रिकामी होती. चाची आणि मी पाय पसरून बसलो. बोरगाव मंजू गेल्यावर आत्याबाईंचा डोळा लागला. फुटक्या काचेतून मला त्यांची मान दिसत होती, दर खड्ड्याला थोडी हलणारी. चाचांनी वेग कमी केला. मागून ट्रक हॉर्न वाजवून पुढे जात होते, सायकलवालेसुद्धा जवळ येत होते.

चाचींनी काचेतून तोंड घालून विचारलं की गाडी बंद पडली का.

"वेग कमी ठेवला का डिझेल कमी लागते," चाचा हळू आवाजात म्हणाले.

ते खरंच आहे. फरदीनलाही विचारा. पण बडनेऱ्यापर्यंत चाचांचा डोळा एकदाही डिझेलच्या सुईकडे गेला नाही, आणि आत्याबाईंची झोप मोडली नाही.